सुटी होणारी वीट

पाटण तालुक्यात, कोयनेच्या काठाजवळ आमचं जुनं घर आहे. दिंडीदरवाज्यातून आत आलं की ओसरीच्या पायऱ्यांपर्यंत विटांची वाट जाते. या भागातल्या साठी ओलांडलेल्या माणसाला अशा वाटा कुठून आल्या ते सांगावं लागत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला आणि गावोगावच्या अंगणांत दगडविटांचे ढीग पडले. आमचं घर जुन्या धर्तीचं, म्हणजे खाली घडीव दगड आणि वर चुन्यात बांधलेली वीट. दगड जागेवर राहिला, मागच्या बाजूची वीट मात्र खाली आली. माणसं वाचली. भिंत पुन्हा उभी करायची वेळ आली तेव्हा डोक्यावर वजन नको म्हणून आबांनी वरचा भाग लाकूड आणि पत्र्यानं बंद करून घेतला. विटा उरल्या. पावसाळ्यात अंगणात घोटाभर चिखल व्हायचा, म्हणून पुढच्याच उन्हाळ्यात त्या तिथं अंथरल्या गेल्या.

भिंतीची वाट झाली, ती चुन्यामुळे. चुन्यातली वीट पडली तरी सहसा सांध्यात सुटते. कडेनं हातोडी हलकेच चालवली की चिकटलेला चुना निघतो आणि वीट अखंड हातात येते. तेव्हा गावभर हेच चाललं होतं. कोणाच्या गोठ्याचा तळ, कोणाचा पाणवठ्याजवळचा कट्टा, कोणाचं तुळशीवृंदावन त्याच पडझडीतून उभं राहिलं. नव्या विटा आणायची ऐपत फार थोड्यांची होती.

मला कळायला लागलं तेव्हा ती वाट घरात मुरली होती. सकाळी आजी खराट्यानं झाडून घ्यायची आणि दोन्ही कडांना शेणसडा घालायची. विटेवर सडा घालायचा नाही, पाय घसरतो, असा नियम होता. बाहेरून आलेला माणूस चपला दरवाज्याशी काढून अनवाणी वाटेवरून यायचा आणि ओसरीखालच्या दगडावर तांब्याभर पाणी पायांवर घ्यायचा. पुंडलिकानं दारी आलेल्या देवापुढे पाट नाही, चौरंग नाही, वीट टाकली. आलेल्याच्या पायाखाली कोरडं काहीतरी द्यावं, हा आपल्याकडचा पहिला पाहुणचार, आणि आमची वाट तो रोज करत होती.

आम्हा पोरांना ठिकरी खेळायला वेगळे चौकोन आखावे लागत नसत. दोन विटा शेजारी शेजारी आडव्या, पुढच्या दोन उभ्या, अशी चटईची वीण होती. विटेची लांबी रुंदीच्या दुप्पट असते, त्यामुळे दोन विटा मिळून बरोबर चौकोन होतो. ठिकरीसुद्धा विटेचाच कपचा. सणाच्या आदल्या दिवशी फुटके अद्धे शोधून आणायचं काम आमच्याकडे असे. ते दगडावर कुटून वस्त्रगाळ करायचं, मग त्या वीटकरीनं आणि चिंचेनं काकू समया, ताम्हन, तांब्याचा बंब घासून काढायच्या. गणपतीच्या सकाळी दूर्वा आणायला शेतात जावं लागत नसे. विटांच्या फटींतून त्या आपोआप वर आलेल्या असत, कडेला आघाडाही असे. आता त्याच गावात दूर्वांची जुडी बाजारातून येते, कारण घरासमोर उगवायला जागाच उरलेली नाही.

आठवणींना गोडवा चढतो, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. श्रावणात त्या वाटेवर हिरवं शेवाळ धरायचं आणि घरातला एक तरी माणूस आपटायचा. थोरल्या काकूंचं मनगट त्या वाटेनंच मोडलं होतं. फटींत मुंग्यांची वारुळं असत आणि एकदा विंचूही निघाला होता. दर उन्हाळ्यात कुठली ना कुठली वीट खचायची. पण खचलेली वीट उचलायची, खाली मूठभर वाळू सारायची आणि ती परत बसवायची, हे काम शाळकरी पोरगाही करू शके. त्यासाठी गवंडी बोलवल्याचं मला आठवत नाही.

तेव्हाची वीटही निराळी होती. नदीकाठच्या गाळाच्या मातीची, दिवाळीनंतर पाऊस पुरता हटला की लाकडी साच्यातून पाडलेली. वाळलेल्या विटा रचून भट्टी लावत. भाताचं तूस, लाकूड, नंतर उसाचं चिपाड आणि कोळसा, जे स्वस्त मिळेल ते जळण. भट्टीच्या मधली वीट नीट भाजली जायची, कडेची पिवळट आणि कच्ची राहायची, विस्तवाला लागलेली काळीनिळी होऊन वाकडी व्हायची. त्यामुळे वीट घेणं ही पारख होती. आबा दोन विटा एकमेकींवर आपटत. खणखणीत वाजली तर घ्यायची, बद्द वाजली तर बाजूला. नखानं ओरखडा उठला तर ती वीट कच्ची. कमरेच्या उंचीवरून मातीवर टाकली आणि तुकडे झाले तर गाडीच परत. पुढे शाळेत कळलं की चांगल्या विटेनं चोवीस तास पाण्यात राहून आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त पाणी पिऊ नये. आबांना हा आकडा ठाऊक नव्हता, पण आवाजावरून निवडलेल्या त्यांच्या विटा या कसोटीला उतरल्या असत्या.

चुन्याची गोष्ट याहून सावकाशीची. चुनखडी साधारण नऊशे अंशांवर भाजली की कळीचा चुना होतो. तो पाण्यात विझवायचा, मुरवायचा, मग वाळू आणि विटेचा चुरा घालून घाण्यात मळायचा. गोल दगडी चर, त्यात उभं दगडी चाक, आणि ते ओढणारा बैल किंवा रेडा. आपल्या अनेक किल्ल्यांवर हे घाणे आजही दिसतात. लोक त्याभोवती उभं राहून फोटो काढतात आणि पुढे जातात. या चुन्याचं वैशिष्ट्य असं की तो हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड हळूहळू ओढून घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. त्याला वेळ लागतो, आठवडे लागतात, पूर्ण कडक व्हायला वर्षंही जातात. विटेचा चुरा घातला की तो ओलाव्यातही धरतो. बारीक चीर गेली तर पावसाच्या पाण्यात विरघळलेला चुना त्या चिरेत परत बसतो. वीट ज्या मातीची, तिच्याच चुऱ्यानं तिचा सांधा भरायचा, असा तो हिशेब होता.

मग सिमेंट आलं. तशी पोर्टलँड सिमेंटची कृती १८२४ सालची आणि आपल्याकडे कारखानेही पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सुरू झाले होते. पण खेड्यातल्या घरापर्यंत पोती पोचायला बराच काळ गेला. १९७०च्या दशकात सिमेंट परमिटवर मिळे. घराच्या पायऱ्यांसाठी चार पोती हवी असली तरी अर्ज, शिफारस, हेलपाटे. १९८२ मध्ये नियंत्रण काही प्रमाणात सैल झालं आणि १९८९ मध्ये पूर्ण उठलं. त्यानंतर तालुक्याच्या कुठल्याही दुकानात हवी तितकी पोती मिळू लागली. जे इतकी वर्षं वशिल्यानं मिळत होतं ते सहज मिळू लागल्यावर लोकांनी ते सगळीकडे वापरलं. जोत्याला सिमेंट, वृंदावनाला सिमेंट, चुलखंडालाही सिमेंट. आमच्या वाटेच्या दरजाही त्याच लाटेत सिमेंटनं भरल्या गेल्या. वाट पक्की झाली म्हणून घरात समाधान होतं. दूर्वा उगवणं बंद झालं तेव्हाही कुणाला वाईट वाटलं नाही, उलट निंदणी वाचली असंच सगळे म्हणाले.

काही वर्षं ती वाट खरोखर देखणी दिसली. मग विटांनी दम सोडायला सुरुवात केली, आणि तीही विचित्र तऱ्हेनं. सिमेंटच्या दरजा जशाच्या तशा उभ्या, मधल्या विटा मात्र झिजून खोलगट. वाटेवर सिमेंटची जाळी उरली आणि तिच्या प्रत्येक घरात लाल भुकटी. बोटानं खरवडलं तर पापुद्रे सुटत, खाली पांढरी बुरशीसारखी पूड दिसे. आपण लोणा लागला म्हणतो तो हाच. त्याचं कारण साधं आहे. जमिनीतला ओलावा वर येतच असतो आणि त्याच्याबरोबर क्षारही येतात. दरजा वाळूच्या किंवा चुन्याच्या असल्या तर पाणी त्यांच्यातून निघून जातं. त्या झिजल्या तर पुन्हा भरता येतात. दरजा सिमेंटच्या असल्या की पाण्याला विटेतूनच बाहेर पडावं लागतं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहून त्यांचे खडे होतात, ते फुगतात आणि विटेचा वरचा थर आतून ढकलून पाडतात. सांधा विटेपेक्षा कडक झाला की झीज विटेच्या वाट्याला येते. जुन्या वाड्यांच्या आणि देवळांच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढवल्यावर आतली वीट भुसभुशीत होते, तीही याच कारणानं.

गेल्या वर्षी ही वाट नीट करायचं ठरलं तेव्हा सुचवणाऱ्यांची कमी नव्हती. एकानं सगळं उकरून कोबा करा म्हटलं. दुसरा शहाबादी फरशीवर होता. तिसरा पेव्हर ब्लॉकचा नमुना मोटारसायकलवर ठेवूनच आला, साठ मिलिमीटर जाडीचा, लाल आणि पिवळा. माणसांच्या ये-जाला साठ पुरतो, गाडी आत घ्यायची तर ऐंशी घ्या, असं त्यानं सांगितलं आणि ते बरोबरच होतं. पेव्हर ब्लॉकला मी नावं ठेवणार नाही. तो मुळात वाळूवरच बसवायचा असतो आणि उचलून पुन्हा लावता येतो, म्हणजे विचारानं तो जुन्या वाटेचा वारसदारच आहे. पण आमच्याकडे तोही खाली सिमेंटचा थर टाकून आणि फटी सिमेंटनं भरून बसवतात. मग पाण्याची पाइप फुटली की ब्रेकर आणावा लागतो.

जुन्या पद्धतीनं काम करणारा गवंडी शोधायला वेळ लागला. सापडले ते मिस्त्री सत्तरीच्या पुढचे. स्वतः खाली बसून काम करणं त्यांना आता जमत नाही. खुर्ची टाकून ते बसले, हाताखाली नातू. आल्या आल्या त्यांनी वाटेच्या मधली एक वीट पहारीनं उचकटायला लावली. नातवानं ती वरून पाहिली, वरचा भाग पार गेलेला, म्हणून टाकायला निघाला. "उलटी कर की बाबा आधी," मिस्त्री म्हणाले. खालची बाजू पाहिली तर कोरीकरकरीत होती. कडा धारदार, रंग गडद, आणि एका कोपऱ्यावर भिंतीतला जुना चुना पांढऱ्या टिकलीएवढा अजून चिकटलेला. भूकंपाआधीचा तो चुना होता. मिस्त्रींनी अंगठ्याच्या नखानं तो उडवला, वीट दुसऱ्या विटेवर वाजवली आणि म्हणाले, "ही अजून एक जन्म काढते."

मग त्याच हिशेबानं काम झालं. उलटून वापरता येतील त्या विटा एका बाजूला, अद्धे कडेसाठी दुसरीकडे, बद्द वाजणाऱ्या तिसऱ्या ढिगात. ज्या विटांना सिमेंट घट्ट चिकटलं होतं त्यातल्या बऱ्याच काढतानाच फुटल्या. छिन्नीनं सिमेंट निघत नाही, विटेचा तुकडा घेऊनच निघतं. वाया गेल्या त्या विटा या अशा. जुन्या चुन्यानं एकही वीट धरून ठेवली नव्हती. फुटलेल्याही बाहेर गेल्या नाहीत. त्या कुटून चाळल्या आणि कडेच्या चुन्यात घातल्या.

खालची माती काढल्यावर पारिजातकाची मुळं दिसली. वाट एका बाजूनं का उचलली गेली ते तेव्हा कळलं. मुळं तोडायची नाहीत, वाट जरा वळवायची, असं ठरलं. मुरूम टाकून पाणी मारलं आणि धुमसानं चोपून घेतलं. वर दोन बोटं वाळूचा थर, त्यावर लाकडी पट्टी ओढून सपाटी. नदीची वाळू आता लिलावाशिवाय हलत नाही, त्यामुळे क्रश सँड चाळून वापरली. उतार फुटाला पाव इंच, घराकडून अंगणाकडे. पाणी भरलेली नळी दोन टोकांना धरून मिस्त्रींनी तो खुर्चीतूनच तपासला. जुन्या वाटेला उतारच नव्हता, श्रावणातल्या शेवाळाचं मूळ त्यात होतं. दोन्ही कडांना उभ्या विटा चुन्यात बसवल्या, म्हणजे मधल्या सरकत नाहीत. या कडेच्या विटा आधी बादलीत बुडवल्या, बुडबुडे यायचे थांबले तेव्हाच बाहेर काढल्या, नाहीतर कोरडी वीट चुन्यातलं पाणी शोषून घेते आणि सांधा कच्चा राहतो. कडांवर ओलं गोणपाट टाकून ठेवलं. मधल्या भागात चुना नाही, सिमेंट नाही. कोरडी वाळू खराट्यानं फटींत लोटायची, पाणी शिंपडायचं, बसली की पुन्हा लोटायची, एवढंच.

काही विटा कमी पडल्या. नव्या आणाव्यात तर मापं जुळेनात, आणि चटईच्या विणीत मापाला फार महत्त्व आहे. भट्टीही आता पूर्वीची राहिली नाही. औष्णिक वीज केंद्रांच्या आसपास विटांमध्ये राख वापरणं केंद्र सरकारच्या १९९९ च्या अधिसूचनेनं बंधनकारक झालं. सुरुवातीला ५० किलोमीटरच्या परिसरासाठी, मग १००, आणि २०१६ मध्ये ३०० किलोमीटरपर्यंत. शेताची सुपीक माती भट्टीत जाऊ नये आणि राखेचे डोंगर कमी व्हावेत, हा त्यामागचा विचार योग्यच आहे. शिवाय लाल विटेच्या आठवणी काढताना भट्टीवर उचल घेऊन सहा-सहा महिने कुटुंबासह राबणारी माणसं आपण विसरतो. त्यांचे हाल तेव्हाही होते, आजही आहेत. म्हणूनच एकदा भाजलेली वीट जितकी वर्षं चालेल तितकी चालवावी.

कमी पडलेल्या विटा शेवटी शेजारच्या गावातल्या पडत्या वाड्यातून मिळाल्या. तिथलं दृश्य पाहण्यासारखं होतं. सागवानी खांब, तुळया, कोरीव चौकटी, दारांच्या कड्या यांचे सौदे आधीच झालेले. विटांना मात्र गिऱ्हाईक नव्हतं. दीडशे वर्षांची, पातळ, खणखण वाजणारी वीट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरून खड्ड्यात भराव म्हणून चालली होती. बांधकामाच्या राडारोड्याची विल्हेवाट कशी लावावी याचे नियम २०१६ पासून देशात आहेत. त्यात माल वेगळा करून पुन्हा वापरा असं सांगितलं आहे. पण वेगळा करता येईल असा माल असेल तरच ते शक्य. चुन्यातली भिंत पाडली की विटा मिळतात, सिमेंटची पाडली की ढेकळं मिळतात.

इथं कोणी मला अडवेल की चुन्याची भिंत भूकंपात पडली, हे तुम्हीच सांगितलंत. मान्य. डोक्यावर वजन असलेल्या भिंतीची वीट सुटी होता कामा नये. भूकंपाच्या पट्ट्यात तर भिंतीला काँक्रीटचे पट्टे आणि खांबांशी नीट जोड हवाच, तिथं सिमेंट आणि लोखंडाला पर्याय शोधण्यात अर्थ नाही. पायाखालच्या वाटेचं तसं नाही. ती खचणार, तिच्याखालून मुळं जाणार, नळाची पाइप जाणार, ती पुन्हा पुन्हा उघडावी लागणार. भिंतीला जे शोभतं ते वाटेला लावलं, एवढीच गेल्या तीस-पस्तीस वर्षांतली गल्लत. पक्कं म्हणजे कायमचं, असं आपण धरून चाललो. आबांच्या पिढीच्या लेखी पक्कं म्हणजे पुन्हा नीट करता येणारं.

नवी वाट जुनीइतकीच लाल दिसते, पण ती तेव्हाच्यासारखी नाही आणि असूही नये. थोरल्या काकू आता वॉकर घेऊन चालतात, म्हणून ती रुंद केली आहे आणि फटी अरुंद ठेवल्या आहेत. दरवाज्याशी उंबरठ्याऐवजी उतरण आहे. पावसाळ्यात पाणी साचत नाही. शेवाळ धरेल, पण कमी धरेल. आजीच्या काळात यातलं काहीच नव्हतं.

तुमच्या घरापुढे, परसात किंवा जुन्या वाड्याच्या चौकात अशी वाट असेल आणि ती गेली असं तुम्हाला वाटत असेल, तर ठेकेदाराला बोलवण्याआधी मधली एक वीट पहारीनं उचला आणि उलटी करून पाहा. खालची बाजू शाबूत असेल आणि दोन विटा एकमेकींवर आपटल्यावर खणखणीत वाजत असतील, तर नवीन माल आणू नका. विटा उलटा, खाली वाळू टाका, उतार द्या आणि फटींत सिमेंट भरू नका. गावात चुन्याचं काम जाणणारं कोणी अजून असेल, तर ते तुमच्या घरी काम करत असताना दोन तरुण पोरांना शेजारी बसवा. चुना पुन्हा मिळेल, वीटही मिळेल. तो हात मात्र फार दिवस मिळणार नाही.